रशियाने गॅसचा कॉक बंद केला आणि जर्मनीला पवनचक्क्या आठवल्या

27 फेब्रुवारी 2022, रविवार. रशियाने युक्रेनवर हल्ला करून तीन दिवस झाले होते आणि जर्मन संसदेचं विशेष अधिवेशन भरलं होतं. त्यात अर्थमंत्री ख्रिश्चन लिंडनर यांनी अक्षय ऊर्जेला 'स्वातंत्र्याची ऊर्जा' म्हटलं. लिंडनर हे तेव्हा उद्योगजगताच्या जवळच्या पक्षाचे नेते होते. पवनचक्क्यांचं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकायची जर्मनीला सवय नव्हती.

पण वेळच तशी आली होती. 2021 मध्ये जर्मनी जेवढा गॅस आयात करत होती, त्यातला साधारण 55 टक्के रशियातून येत होता. म्हणजे ज्या देशावर निर्बंध घालायचे, त्याच्याच गॅसवर घरं गरम होत होती आणि कारखाने चालत होते.

सवय लागली कशी?

ही गोष्ट पुतिन यांच्या बरीच आधीची आहे. 1 फेब्रुवारी 1970 रोजी एसेन शहरात पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. जर्मन कंपन्यांनी मोठ्या व्यासाचे पाइप द्यायचे, जर्मन बँकांनी कर्ज द्यायचं आणि सोव्हिएत संघाने त्याची परतफेड गॅस विकून करायची. 1973 मध्ये गॅस यायला लागला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1980 च्या दशकात अशा पाइपलाइनला कडाडून विरोध केला, पण युरोपने ऐकलं नाही. शीतयुद्धाच्या ऐन भरातही गॅस येत राहिला, त्यामुळे 'रशिया राजकारण करेल, पण गॅस थांबवणार नाही' हा विश्वास पक्का झाला. व्यापार वाढला की समोरची राजवटही हळूहळू मवाळ होईल, असाही एक सिद्धांत होता.

2011 मध्ये बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीत येणारी 'नॉर्ड स्ट्रीम' सुरू झाली. 2005 मध्ये या प्रकल्पाला पाठबळ देणारे चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर पद सोडल्यावर त्याच कंपनीच्या भागधारक समितीचे अध्यक्ष झाले. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला. त्यानंतर सावध व्हायचं, तर 2015 मध्ये 'नॉर्ड स्ट्रीम 2' चा करार झाला. त्याच वर्षी रेडेन इथलं जर्मनीतलं सर्वात मोठं भूमिगत गॅस साठवणूक केंद्र मालमत्तांच्या अदलाबदलीत रशियाच्या गाझप्रोमकडे गेलं. घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवणं वेगळं आणि धान्याची कोठीच त्याच्या नावावर करणं वेगळं. 2021-22 च्या हिवाळ्यात, युद्धाच्या तोंडावर, रेडेनचं केंद्र जवळपास रिकामं होतं.

तेल दुसरीकडून घेता येतं, मग गॅस का नाही?

तेल जहाजात भरलं की जगात कुठेही नेता येतं. गॅसचं तसं नाही. तो एकतर पाइपमधून येतो, नाहीतर उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजातून आणावा लागतो. ही जहाजं रिकामी करायला खास टर्मिनल लागतं. 2022 च्या सुरुवातीला जर्मनीत असं एकही टर्मिनल नव्हतं. पाइपचा गॅस स्वस्त होता, मग टर्मिनलवर खर्च कोण करणार?

जून 2022 मध्ये नॉर्ड स्ट्रीमचा पुरवठा 40 टक्क्यांवर आला, जुलैअखेर 20 टक्क्यांवर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शून्यावर. त्याच महिन्याच्या 26 तारखेला समुद्राखालच्या पाइपलाइनच स्फोटात फुटल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये युरोपच्या बाजारात गॅसचा भाव एका मेगावॅट-तासाला 300 युरोंच्या वर गेला होता. डबघाईला आलेली युनिपर ही बडी गॅस कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि महागड्या बिलांपासून लोकांना वाचवायला 200 अब्ज युरोंची तरतूद जाहीर करावी लागली. 'स्वस्त' गॅसची खरी किंमत काढायची तर ही रक्कमही त्यात धरावी लागते.

मग जर्मनीने केलं काय?

सुरुवात हरित नव्हती. बंद पडलेले कोळशाचे वीजप्रकल्प पुन्हा सुरू झाले. विल्हेल्म्सहाफेनचं टर्मिनल काही महिन्यांत उभं करून डिसेंबर 2022 मध्ये उघडलं. शेवटच्या तीन अणुभट्ट्या मात्र थोड्या मुदतवाढीनंतर 15 एप्रिल 2023 रोजी बंद केल्या. या निर्णयावरचा वाद तिथे अजून शमलेला नाही.

खरा बदल कायद्यात झाला. आधीच्या काही वर्षांत पवनऊर्जा नियमांच्या जाळ्यात अडकली होती. बव्हेरियात पवनचक्की वस्तीपासून तिच्या उंचीच्या दहापट अंतरावर हवी, असा नियम होता. 2017 मध्ये जमिनीवर 5 गिगावॅटहून जास्त पवनऊर्जा बसवणाऱ्या देशात 2019 मध्ये जेमतेम 1 गिगावॅट बसली. 2022 मध्ये अक्षय ऊर्जा 'सर्वोच्च सार्वजनिक हिताची' ठरवली गेली, देशाची 2 टक्के जमीन पवनऊर्जेसाठी राखायचं ठरलं आणि 2030 पर्यंत 80 टक्के वीज अक्षय स्रोतांतून आणण्याचं उद्दिष्ट आलं. 2023 मध्ये अक्षय विजेचा वाटा पहिल्यांदा निम्म्याच्या पुढे गेला. 2024 मध्ये सुमारे 14 गिगावॅटच्या नव्या पवनचक्क्यांना परवानगी मिळाली, हा विक्रम होता.

इथे एक गोष्ट अनेक पोस्टमध्ये सुटते. जर्मनीत गॅस मुख्यतः विजेसाठी नाही, तर उष्णतेसाठी जळतो. जवळपास निम्मी घरं गॅसवर गरम होतात, शिवाय रसायन, काच आणि पोलादाचे कारखाने आहेत. त्यामुळे नुसत्या पवनचक्क्या वाढवून गॅस सुटत नाही; घरातला बॉयलर काढून विजेवरचा हीट पंप बसवावा लागतो. हे लोकांच्या थेट घरात शिरणं झालं. 2023 मध्ये हीटिंगचा कायदा आला तेव्हा एवढा गदारोळ उडाला की सरकारमधल्या पक्षांतच जुंपली. हीट पंपांची विक्री 2023 मध्ये 3 लाख 56 हजार होती, ती 2024 मध्ये 1 लाख 93 हजारांवर घसरली.

झळ भारतालाही बसली

भारताच्या सरकारी गेल कंपनीने 2012 मध्ये गाझप्रोमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी वर्षाला 25 लाख टन द्रवरूप गॅसचा 20 वर्षांचा करार केला होता. ही कंपनी गाझप्रोमच्या जर्मन शाखेच्या मालकीची होती. 2022 मध्ये जर्मनीने ती शाखा ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि गेलची जहाजं येणं थांबलं. पुढे त्या कंपनीचं नाव सेफे झालं. गेलने लंडनमध्ये लवाद मागितला आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. तेलाच्या बाबतीत चित्र उलटं होतं. युरोपने नाकारलेलं रशियन तेल भारताने सवलतीत घेतलं आणि 2022 आधी नगण्य असलेला रशियाचा वाटा पुढे एक-तृतीयांशाच्याही वर गेला.

रशिया गेला, चीन आला?

हा आक्षेप रास्त आहे. सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त आहे. पण दोन्ही अवलंबित्वं एकसारखी नाहीत. गॅस आज थांबला तर घर आज रात्री गार पडतं. चीनने उद्या पॅनेल देणं थांबवलं, तर नवे प्रकल्प अडतील. छतावर आधीच बसलेलं पॅनेल पुढची 25 वर्षं वीज देत राहील.

तरी एक फट उरते. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे इन्व्हर्टर इंटरनेटला जोडलेले असतात आणि दुरून बंदही करता येतात. रशियन गॅसचा अनुभव घेतलेल्या लिथुआनियाने नोव्हेंबर 2024 मध्येच कायदा करून 100 किलोवॅटहून मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांचं नियंत्रण चीनमधून करण्यावर बंदी घातली. रशियन गॅसची आयात 2027 अखेरपर्यंत पूर्ण थांबवण्याचा आराखडा युरोपीय आयोगाने मे 2025 मध्ये मांडला. त्याला सर्वात मोठा विरोध झाला तो हंगेरी आणि स्लोव्हाकिया या देशांकडून, ज्यांची भिस्त अजूनही रशियन पाइपलाइनवर आहे.