हत्यारबंदी ते परवाना

श्रोतेहो, खेड्यात एखाद्याच्या घरी भिंतीला बंदूक टांगलेली असली, म्हणजे त्या घराकडे पाहण्याची लोकांची नजर निराळी असते. कुणाला त्यात मान दिसतो, कुणाला धाक दिसतो, आणि ज्याच्या शेतात रात्री रानडुकरांचा कळप शिरतो त्याला राखणीचे साधन दिसते. वस्तू एकच, पण तिचे अर्थ तीन! सामान्य माणसाने हत्यार बाळगावे की नाही, हा वाद आपल्या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला, तो या तीन अर्थांमुळेच. त्या वादाची हकिगत आज सांगायची आहे.

जुन्या गावगाड्यात गावाची राखण हे गावाचेच काम होते. जागल्या असे, रामोशी असे. त्यांना गावाकडून बलुते किंवा हक्क मिळे, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्यावर जबाबदारीही असे. चोरी झाली तर माग काढून द्यायचा, नाही लागला तर नुकसान भरून द्यायचे. म्हणजे ज्याच्या हाती हत्यार, त्याच्या माथी उत्तरदायित्व, असा तो रिवाज होता. हा धागा ध्यानात ठेवा, कारण पुढे तोच आपल्या कामी येणार आहे.

१८५७ च्या उठावाने हे चित्र पालटले. इंग्रज सरकारने प्रजेची हत्यारे काढून घेण्याचे कायदे केले. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडर लोकांनी त्याच साली आपली शस्त्रे द्यायचे साफ नाकारले. पिढ्यान्‌पिढ्या हत्यार हेच ज्यांच्या पोटाचे साधन आणि तेच ज्यांच्या अब्रूचे चिन्ह, ते सहजी कसे देणार? फौज आली, गाव जळाले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना मुधोळात व हलगलीत फाशी दिले गेले.

पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला होता. लेखणी आणि तलवार, दोन्हींवर एकाच साली पहारा बसला म्हणा ना! लॉर्ड रिपन यांच्या काळात वृत्तपत्रांचा कायदा रद्द झाला, हत्यारांचा मात्र राहिला. बंदूक तर सोडाच, तलवार किंवा भाला बाळगायलाही परवाना लागू लागला. लोकांना सलत होते ते एवढेच नव्हे. गोऱ्या माणसाला या कायद्याच्या नियमांतून सूट होती. साहेबाच्या खांद्यावर बंदूक असली तर ती शिकार, आणि रयतेच्या हाती असली तर तो गुन्हा! म्हणजे कायदा माणसाची वागणूक बघत नव्हता, कातडीचा रंग बघत होता. हा भेद कागदावरून जायला पहिले महायुद्ध उलटावे लागले.

म्हणूनच राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात हा कायदा सौम्य करावा असा ठराव केला. आपल्यावर अविश्वास दाखवला जातो, हे त्या मागणीमागचे मोठे दुःख होते. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी, पण १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनी काढलेल्या पत्रकात, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, या अर्थाचे लिहिले होते. पुढे १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग स्वराज्य आले, आणि प्रश्नाचे रूपच बदलले. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी नागरिकांच्या स्वातंत्र्याचे कलम चर्चेला आले. हरि विष्णु कामत यांनी उपसूचना मांडली की, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. सार्वजनिक शांततेसाठी त्यावर कायद्याने बंधने घालायला त्यांची हरकत नव्हती. त्यांचे म्हणणे वावगे होते का? जो हक्क आपण परक्या सरकारकडे इतकी वर्षे मागितला, तो आपल्याच राज्यात आपल्याच लोकांना का देऊ नये?

त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले. परकी सत्ता असताना ही मागणी का झाली, हे त्यांना ठाऊकच होते. पण आता काळ बदलला आहे, आता शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असा त्यांचा आशय होता. शिवाय हक्क म्हटला की तो सरसकट सर्वांना. ज्याचा धंदाच लुटीचा, त्यालाही तो मिळणार. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत आणायचे ठरवले, तर राज्यकारभार चालायचा कसा?

त्या वेळची परिस्थितीही आठवावी. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. ३० जानेवारी १९४८ रोजी खुद्द गांधीजींचा पिस्तुलाच्या गोळ्यांनी बळी गेला होता, त्याला अवघे दहा महिने झाले होते. कामतांची उपसूचना नामंजूर झाली. आज राज्यघटनेच्या १९ व्या कलमात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण ते शांततेने आणि शस्त्रांवाचून.

आता कुणी विचारील, मग दरोडेखोर अंगावर आला तर हात बांधून बसायचे काय? तसे मुळीच नाही. स्वतःचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क १८६० च्या दंडसंहितेत होता, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. बचावाचा हक्क आहे, बंदुकीचा हक्क नाही, हा फरक शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावा.

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने मधली वाट धरली. लाठी, हातातली काठी, निव्वळ शेतीची अवजारे यांना हत्यारांतून वगळले. तलवारी-भाल्यांना परवाना लागायचा तो सरकारने जाहीर केलेल्या भागापुरताच. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी लांब, साध्या नळीची बंदूक यांचे परवाने मिळणे त्या मानाने सोपे ठेवले. बाकी हत्यारांना मात्र सबळ कारण दाखवावे लागते. सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोका वाटला तर परवाना नाकारता येतो, पण त्याची कारणे लिहून ठेवावी लागतात आणि त्यावर अपीलही करता येते.

या कायद्यातले एक वाक्य मला फार मोलाचे वाटते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. एके काळी साहेबाला मोकळीक आणि रयतेला बंदी होती. आता निदान कायद्याच्या अक्षरात तरी वाडा आणि खोपट एका पंगतीला बसले.

पण अनुभवाने कायदा पुढे कडकही होत गेला. १९८३ साली एका माणसाजवळ जास्तीत जास्त तीनच बंदुका, असे ठरले, आणि परवान्यासाठी वयाची अट एकवीस वर्षांची झाली. २०१९ साली तिनाच्या दोन झाल्या. सरकारने मूळ विधेयकात एकच सुचवली होती. याच दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हौसेने बार उडवून कुणाचा जीव धोक्यात घालणे, हाही गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कुणाच्या अंगणात पडायची हे वाजंत्रीवाल्यांना विचारत नाही!

याला अपवादही आहे. कोडगूच्या कोडवा लोकांना इंग्रजी अमदानीपासून परवान्यातून सूट आहे. कैलपोढ या सणाला ते हत्यारांची पूजा करतात. ही सवलत केंद्र सरकारने २०१९ साली दहा वर्षांसाठी पुढे चालू ठेवली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती ग्राह्य धरली. जिथे हत्यार हाताळण्याची शिस्त परंपरेने अंगी बाणली आहे, तिथे निराळा विचार होऊ शकतो, असे काही जण म्हणतात. एका जमातीला वेगळा न्याय का, असे दुसरे विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

शेतकऱ्याची अडचण तर आणखीच गुंतागुंतीची. ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करून घेण्याची रीत आहे, मग शेतात जोंधळा कणसात असला तरी. माचाणावर रात्र काढणाऱ्याने म्हणावे, डबा वाजवून किती दिवस राखण करू? त्याच्या या प्रश्नाला नुसत्या कायद्याच्या कलमाने उत्तर देता येत नाही.

श्रोतेहो, इथे त्या जागल्याची आणि रामोशाची आठवण होते. गावाने त्यांना हक्क दिले ते राखणीच्या बोलीवर. आज राज्याने प्रजेच्या हाती हत्यार मोकळे सोडलेले नाही, आणि ते योग्यच आहे, असे मला वाटते. कारण भांडण चावडीवरचे असो की बांधावरचे, हाती काठी असली तर डोके फुटते, बंदूक असली तर माणूस जातो. पण ज्याने राखणीचे काम आपल्याकडे घेतले, त्याच्यावर राखणीचे ऋणही आले. दूरच्या वस्तीवरून रात्री कुणी ११२ क्रमांक फिरवला, तर मदत वेळेवर पोचली पाहिजे. पीक रानडुकरांनी खाल्ले, तर पंचनामा आणि भरपाई रखडता कामा नये. कामतांची मागणी नामंजूर झाली तेव्हाच हे ऋण आपल्या राज्याच्या नावावर मांडले गेले. ते फिटते आहे की नाही, याचा हिशेब ग्रामसभेत मागणे हे नागरिकाचे काम. आणि शाळेत वादसभा ठेवायची असेल, तर कामत आणि आंबेडकर या दोघांच्या बाजू मुलांना द्याव्यात. दोन्ही बाजू मनापासून मांडता आल्या, म्हणजे कायदा का होतो हे त्यांना पुस्तकावाचून कळेल.