गब्बरला जिवंत ठेवणारी कात्री

पनवेल स्टेशनात तुम्ही उतरता, पण लोकल कुठंच दिसत नाही. ती यायला १९९८ उजाडावं लागेल. तुम्ही पोचलात १९७० च्या दशकाच्या मध्याला. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे, खाडीच्या बाजूनं सिडकोची आखणी नुकती सुरू झाली आहे, आणि लांबवर कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. रुळाच्या कडेनं चालत निघा. भातखाचरांपलीकडे माणसं गोळा झालेली दिसतील.

‘शोले’चं शूटिंग चालू आहे. कर्नाटकातल्या रामनगरला सिनेमातलं रामगढ वसवलंय, पण मालगाडीवरच्या दरोड्यासाठी दिग्दर्शक रमेश सिप्पींनी पनवेलजवळचे हे रूळ निवडलेत. वाफेचं इंजिन धूर ओकतंय, डब्यांच्या बाजूनं घोडी दौडतायत, रुळांवर ओंडके रचलेत. छायालेखक द्वारका दिवेचा कॅमेऱ्यामागे आहेत. ‘मॅग्निफिसंट सेव्हन’सारखे वेस्टर्न पाहून वाढलेल्या मंडळींना तसा थरार इथल्या मातीत उभा करायचाय. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या या झुंजीला सातेक आठवडे लागतात. गर्दीत डाकू गब्बरला शोधू नका; या प्रसंगात तो नाही.

तो भेटेल मुंबईच्या ‘मिनर्व्हा’ थिएटरात, १५ ऑगस्ट १९७५ ला. देशात आणीबाणी आहे. सलीम-जावेदनी लिहिलेल्या आणि चित्रितही झालेल्या शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यावा, हे सेन्सॉरला खपलं नाही. म्हणून तुमच्यासमोर ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात. तुम्ही जराशा नाराजीनंच उठता.

आता पुन्हा पनवेलकडे, १९७६ च्या ऑक्टोबरात. गावाबाहेर पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा रस्ता सुटतो. याच रस्त्यानं ‘द ग्रेट गॅम्बलर’च्या शूटिंगसाठी गोव्याला निघालेल्या अमजद खानच्या, म्हणजे पडद्यावरच्या गब्बरच्या, गाडीला पुढं भीषण अपघात होतो. बरगड्या मोडतात, फुप्फुसाला इजा होते. तो वाचतो, पण त्यानंतर त्याचं अंग सुटत जातं.

आणखी पंधरा वर्षं पुढं या. १९९१. पनवेलमधल्या एका खोलीत भाड्याचा व्हीसीआर लावलाय, पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलीत. कॅसेट ‘रामगढ के शोले’ची, दिग्दर्शक अजित दिवाणी. पडद्यावर गब्बर येतो आणि तो खराखुरा अमजद खानच असतो. अंगानं दुप्पट, पण आवाज तोच. बाकी सगळी मात्र नकलाकारांची जत्रा. अमिताभचा चेहरा घेऊन विजय सक्सेना, देव आनंदची मान हलवत किशोर भानुशाली. अमिताभचा जय मागच्या खेपेला मेला होता, तरी त्याच्या तोंडवळ्याचा माणूस रामगढात हिंडतोय, आणि खोलीतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटत नाही. पोरं खो-खो हसतायत. सत्तर एमएमचा थाट गेला, सात आठवड्यांची चैन गेली. उरला तो आपल्याच दहशतीची थट्टा करणारा एक थोर नट. पुढच्या वर्षी, २७ जुलै १९९२ ला, तो जाईल.

परत निघण्याआधी २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याला एक चक्कर मारा. ‘शोले’ची डागडुजी केलेली प्रत तिथं मूळ शेवटासह दाखवतायत. यात गब्बर मरतो.

हा शेवट १९७५ सालीच पडद्यावर आला असता, तर ‘रामगढ के शोले’ला नायकही नव्हता आणि गोष्टही नव्हती. या दुर्लक्षित सिनेमाचा खरा जन्मदाता आणीबाणीतला सेन्सॉर आहे. सिनेमा सुमार आहे, यात वाद नाही. पण अमजद खानसाठी तो एकदा बघाच.