सड्यावरचा हत्ती

कोकणात 'सडा' म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवं, एरवी करपलेलं. सातबाऱ्यावर त्याला फारशी किंमत नाही. गुरं चरायची, नाहीतर घरासाठी चिरे काढायचे. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या अशाच एका सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी यांची गर्दी आहे. जवळून पाहिलं तर नुसत्या रेषा दिसतात, हत्ती कळायला चार पावलं मागे जावं लागतं.

गावकऱ्यांना ही चित्रं ठाऊक होती. काही ठिकाणी ती पांडवांच्या नावावर खपत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव, गुराख्यांना विचारत शोध घेतला, तेव्हा कातळशिल्पांचा पसारा लक्षात आला. त्यांत गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. नेमका काळ सांगणं अवघड, कारण उघड्या दगडावरच्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही. अभ्यासक मध्याश्मयुगाकडे बोट दाखवतात.

२०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसईमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. 'तात्पुरत्या' हा शब्द विसरू नये. ही यादी म्हणजे फक्त उमेदवारी. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी रस्त्यावर बसले. त्यांना शिल्पांइतकीच आंब्याची, पाण्याची काळजी होती. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारेही गावातच होते, हेही सांगायला हवं.

आपल्या र्युसेल्सहाइमपासून तासाभराच्या आत मेसेलची खाण आहे. शिल्पं नाहीत तिथे, जीवाश्म आहेत: बुटके घोडे, वटवाघळं. १९७१मध्ये खाणकाम थांबलं आणि त्या खड्ड्यात कचरा टाकायचं ठरलं. आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला. अखेर १९९१मध्ये हेसन राज्याने जागाच विकत घेतली, आणि १९९५मध्ये ती जागतिक वारसा ठरली. जमिनीचा प्रश्न आधी सुटला, पाटी नंतर लागली. कोकणात बहुतेक सडे खासगी मालकीचे, एकेका सातबाऱ्यावर अनेक नावं; तिथे हाच प्रश्न सर्वांत बिकट आहे.

उक्षीत मात्र गावाच्या पुढाकाराने शिल्पाभोवती कठडा झाला आहे. नाताळच्या सुट्टीत गावी जाल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, रेषा तेव्हाच उठतात. फोटोसाठी खडू मात्र फिरवू नका.