मेरी कॅसाट आणि चहाचे टेबल

चित्रांच्या विषयांचीही एक उतरंड असते. युरोपातील कलाशाळांनी इतिहासाची व पुराणांची चित्रे सर्वांत वर मांडली आणि फळे, फुले, भांडी यांची स्थिरवस्तुचित्रे अगदी तळाशी. स्त्रीने कुंचला हाती धरलाच, तर या तळच्या विषयांवर समाधान मानावे, अशी समजूत होती. मेरी कॅसाट या अमेरिकन चित्रकर्त्रीने त्या भांड्यांचे काय केले, ते आपण पाहू.

कॅसाटबाईंचा जन्म १८४४ सालचा, पेनसिल्व्हेनियातला. फिलाडेल्फियाच्या अकादमीत शिकून त्या पॅरिसला गेल्या, तेव्हा तेथील सरकारी कलाशाळेत स्त्रियांना मज्जाव होता. तो १८९७ साली उठला. बाईंनी खाजगी शिकवणी धरली, लूव्हरमधील चित्रांच्या नकला केल्या. १८७७ साली देगा यांनी त्यांना दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या गटात बोलाविले. प्रकाशात वस्तू डोळ्यांना जशी भासते तशी रंगवावी, हा या गटाचा बाणा. पुरुष चित्रकार कॅफेत बसून विषय वेचीत. कुलीन घरच्या अविवाहित स्त्रीला ती मुभा नव्हती. तिच्या वाट्याला दिवाणखाना आला, आणि दिवाणखान्यात चहाचे टेबल.

त्यांचे ‘चहा’ हे चित्र १८८० च्या सुमाराचे. आज ते बोस्टनच्या संग्रहालयात आहे. दोन स्त्रिया बसल्या आहेत. एकीने पेला ओठांशी नेला आहे आणि तिचा अर्धा चेहरा त्याआड गेला आहे. पुढे मात्र चांदीची चहादाणी लखलखते आहे. माणसाचे तोंड झाकावे आणि भांडे उजळावे, हे धाडसच होय. ही चांदी फिलाडेल्फियात १८१३ च्या सुमारास घडविलेली, कॅसाट घराण्यातलीच.

पुढे एका नातेवाईक कुटुंबाने निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा चहाचा संच भेट दिला. परतफेड म्हणून बाईंनी त्या घरच्या वडीलधाऱ्या श्रीमती रिडल यांचे चित्र त्याच संचासह रंगविले. घरच्यांना नाक मोठे वाटले. चित्र नापसंत झाले. बाईंनी ते ठेवून दिले आणि १९२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण केले. त्यात श्रीमती रिडल यांची करारी मुद्रा आणि पेल्यांची निळाई यांत मानकरी कोण, हे सांगणे कठीण आहे.

खिडकीतील लायलॅक फुलांसारखी निव्वळ वस्तुचित्रे बाईंनी थोडीच काढली. त्यांनी स्थिरवस्तूला वेगळ्या चौकटीत न ठेवता माणसांच्या पंक्तीला बसविले. दिलेली जागा हलकी म्हणून त्या रडल्या नाहीत. त्यांनी त्या जागेचीच किंमत वाढविली. उतरंडीचा सारा भार तळच्या भांड्यावर असतो, हे आपल्या घरांतील स्त्रियांना कुणी सांगावयास नको.