सांध्यातल्या सुईची कुळकथा

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालं की वाटेत बेटेगाव लागतं. या पट्ट्यातली कितीतरी घरं तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांवर चालतात. यंत्रापुढे तासन्‌तास उभं राहायचं, पाळी संपली की जिने चढायचे. तिकडे चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर मान खाली घालून बारीक छिन्नी चालवत असतात. गुडघा, खांदा, बोटांचे सांधे अशा कामात कुरकुरणारच. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली घरोघरी पाहणी झाली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडं, सांधे नाहीतर स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं होतं. शेक, मालिश, गोळ्या सगळं करून झालं की डॉक्टर म्हणतात, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन पाहू. मग घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, एकदा सुई घेतली की गुडघा मोकळा. दुसरा म्हणतो, स्टिरॉइड नकोच, हाडं पोकळ होतात. माझ्या मते ही आशा आणि ही भीती, दोन्ही या सुईच्या नाहीतच. त्या तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे सगळ्या अंगात भिनणाऱ्या कॉर्टिझोनच्या आहेत. धाकटीकडून काय मिळेल हे कळायला दोघींचा जन्म वेगवेगळा पाहावा लागतो.

थोरलीची गोष्ट १९२९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये सुरू झाली. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे आखडलेले सांधे सुटले, हे डॉ. फिलिप हेंच यांनी टिपलं. गरोदरपणातही अनेक बायकांचा आमवात शमतो, हेही त्यांच्या पाहण्यात आलं. शरीर स्वतःच कसलंतरी औषध तयार करत असलं पाहिजे, हा त्यांचा तर्क. त्याच संस्थेतले एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळं काढत होते. त्यातलं एक, म्हणजे कॉर्टिझोन, २१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला स्नायूत टोचलं. आठवडाभरात ती बाजारात फिरून आली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती: चेहरा सुजणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मन बिघडणं. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत तर नव्या आमवातात कॉर्टिझोन साध्या अॅस्पिरिनहून सरस ठरलं नाही. आपल्याकडे ‘गुडघेदुखीची पुडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलेल्या माणसाची हाडं खरोखर खंगतात. म्हणजे लोकांची भीती खोटी नाही. ती ज्या औषधाची आहे, ते पोटातून रोज जाणारं आहे.

धाकटी या पेचातून जन्मली. औषध अंगभर नेण्यापेक्षा दुखऱ्या जागीच का ठेवू नये? फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये सांध्यात इंजेक्शन दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे ज्या कॉर्टिझोनने जग जिंकलं, ते सांध्यात टोचल्यावर फारसं काही करीना. हायड्रोकॉर्टिझोनने मात्र सूज ओसरली. कॉर्टिझोन हे कच्चं रूप, त्याचं हायड्रोकॉर्टिझोन मुख्यतः यकृतात होतं आणि गुडघ्यात यकृत नाही. पुढे ट्रायअॅमसिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन अशी अगदी हळूहळू विरघळणारी रूपं आली. डॉक्टर बाटली हलवून दुधासारखं पांढरं औषध सुईत भरतात, ते हेच. न विरघळलेले बारीक कण सांध्यात राहतात आणि काही आठवडे थोडं थोडं औषध सोडतात.

या घडणीतूनच सुईचा सगळा स्वभाव कळतो. सोबत भूल देणारं लिग्नोकेन घातलेलं असेल तर तासाभरात बरं वाटतं, संध्याकाळी दुखणं परततं आणि माणूस म्हणतो, सुई वाया गेली. गेलेली नसते, स्टिरॉइडचा गुण यायला दोन-तीन दिवस, कधी आठवडा लागतो. काहींना पहिले एक-दोन दिवस ठणका उलट वाढतो. बर्फाने शेकावं, सांध्याला विश्रांती द्यावी. थोडं औषध रक्तातही उतरतं, म्हणून मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते आणि ती रोज तपासावी लागते. ताप आला, सांधा लालबुंद होऊन दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, तर थांबू नये. आत जंतू शिरले असण्याची शक्यता थोडी असली तरी ती गंभीर असते. झिजलेल्या गुडघ्याला आराम साधारण काही आठवडेच मिळतो. अनेक चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात सहा महिन्यांनंतर काहीच फरक उरल्याचं दिसलं नाही. बोट अडकून ‘टक्‌’ करत सुटणाऱ्या ट्रिगर फिंगरमध्ये मात्र हीच सुई पुष्कळदा ऑपरेशन टाळते, आणि खांदा गोठलेला असताना सुरुवातीला दिली तर त्रासाचे महिने सुसह्य करते.

यावर कुणी रास्त विचारेल, चार आठवड्यांसाठी कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, का पणाला लावायची? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांच्या गुडघ्यात दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ट्रायअॅमसिनोलोन किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचलं. स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो ठरलेल्या वेळी, गरज नसतानाही घेत राहिलेल्या सुईवर आहे. सूज भरलेल्या सांध्यात अधूनमधून दिलेली एखादी सुई निराळी. म्हणूनच एका सांध्यात दोन सुयांमध्ये निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, आणि गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधीचे तीन महिने सुई टाळतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्यायामच का करू नये? २०२० च्या एका चाचणीत वर्षाअखेर फिजिओथेरपी घेतलेल्यांचे गुडघे सुई घेतलेल्यांपेक्षा चांगले निघाले. पण ज्याला दुखण्यापायी मांडीचा स्नायू आवळताच येत नाही, त्याने व्यायाम सुरू तरी कसा करायचा? सुईने मिळणारे आठवडे त्यासाठीच वापरायचे असतात. पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, वजन कमी करणं हे सगळं त्याच काळात सुरू व्हायला हवं. आणि सुई टोचण्याआधी, विशेषतः एकच सांधा बरेच दिवस सुजलेला असेल आणि बारीक ताप येत असेल, तर तो क्षयाचा तर नाही ना, हे आपल्या भागात आधी तपासलंच पाहिजे; क्षयाच्या सांध्यात स्टिरॉइड गेलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं.