टूरिंग की स्पोर्ट टायर? दमदार इंजिनाच्या गाडीला कोणते घ्यायचे?

दमदार इंजिनाच्या गाडीचे टायर झिजले की दुकानात पहिला प्रश्न किमतीचा निघतो. पण ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबणार, हे टायरच्या ज्या भागावर ठरतं, तो रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. अशा चारच जागा.

मुख्य फरक रबराच्या मिश्रणात आहे. स्पोर्ट टायरचं रबर मऊ आणि रस्ता घट्ट धरणारं, बाजूची भिंत कडक. त्यामुळे स्टिअरिंग वळवताच गाडी वळते. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा हे या घराण्यातले. प्रायमसी आणि टुरान्झा हे त्याच कंपन्यांचे टूरिंग टायर: आवाज कमी, धक्के कमी, आयुष्य जास्त.

आयुष्याचा अंदाज टायरच्या कडेवरच्या 'ट्रेडवेअर' आकड्यावरून येतो. आकडा मोठा, तर झीज हळू. मात्र तो कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची नाही.

स्पोर्ट टायर पावसात घसरतात, हा समज मात्र फारसा खरा नाही. चांगल्या नव्या स्पोर्ट टायरची ओल्या रस्त्यावरची पकडही उत्तम असते. अडचण झिजल्यावर येते. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. टायर रुंद असेल तर हे आणखी लवकर होतं. कायद्याने खाच किमान 1.6 मिलिमीटर हवी, पण बोरघाटातल्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली जाणं म्हणजे जोखीमच. मऊ रबर तिथे लवकर पोहोचतं, म्हणून स्पोर्ट टायरवाल्याने जूनआधी खाचा मोजलेल्या बऱ्या.

परदेशी व्हिडिओंत 7 अंशांखाली असे टायर कडक होतात, असं सांगतात. ते खरं आहे, पण मुंबई-कोकणात त्याची चिंता नको.

रोजचं ऑफिस, काँक्रीटचे रस्ते आणि वर्षाला भरपूर किलोमीटर असतील तर टूरिंगच शहाणपणाचे. ताकद खरोखर वापरली जात असेल, घाटात वेगाने वळणं घेतली जात असतील, तर स्पोर्टचा खर्च पटतो.

टूरिंग घेताना वेगाचं अक्षर मात्र बघावं. '225/45 आर17 94 डब्ल्यू' यात 94 म्हणजे एका टायरला 670 किलो भार आणि 'डब्ल्यू' म्हणजे ताशी 270 किलोमीटरची मर्यादा. 'व्ही' 240 ची, 'एच' 210 ची. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा खालचं अक्षर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

एकाच अ‍ॅक्सलवर एक स्पोर्ट, एक टूरिंग असं कधीच नको. चारही चाकांना एकच मॉडेल उत्तम. त्याच मॉडेलचे दोनच नवे घ्यायचे असतील, तर पुढचं चाक ओढणारी गाडी असली तरी नवी जोडी मागेच लावावी. पावसात मागची बाजू आधी सुटली, तर गाडी सावरणं फार कठीण जातं.