कर्जत

कर्जत : रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, उल्हास नदीच्या काठी आणि बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत निराळे. दहिवली, मुद्रे, भिसेगाव, गुंडगे ही गावे आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत. १८९१ पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आला. शेजारचा खालापूर पूर्वी कर्जतचाच पेटा होता, त्यामुळे दोहोंचा इतिहास एकत्रच वाचावा लागतो.

देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या घाटवाटा या परिसरातून चढतात. राजमाचीखालच्या कोंढाणे येथील बौद्ध लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने ते घडवल्याचा ब्राह्मी लेख आहे. घडवणाऱ्याचे नाव टिकलेली लेणी फार थोडी. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेला गाठले, ती उंबरखिंड खालापूर तालुक्यात चावणीजवळ आहे.

आजचे कर्जत मात्र रेल्वेने घडवले. १८५६ मध्ये गाडी कल्याणहून खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाला आणि मधला घाट प्रवाशांना पालखीतून किंवा पायी चढावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. त्या कामात अपघातांनी आणि रोगराईने असंख्य मजूर दगावले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. घाट चढणाऱ्या गाडीला ढकलण्यासाठी मागून जादा इंजिने कर्जतला लागतात. तेवढ्या थांब्यात फलाटावर दिवाडकरांचा बटाटेवडा विकला जाऊ लागला आणि मुंबई–पुणे प्रवासाचा भाग होऊन बसला. खोपोली आणि पनवेलकडे जाणारे मार्गही याच जंक्शनवरून फुटतात. रोज पहाटे लोकल पकडून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांची येथे मोठी संख्या आहे.

घाटमाथ्यावरचे पाणी खाली आणून टाटांनी खोपोली येथे १९१५ मध्ये आणि तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ मध्ये वीजकेंद्रे सुरू केली. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना जाई. म्हणूनच १९४२ च्या लढ्यात तिच्या वाहिन्यांचे मनोरे आझाद दस्ता या भूमिगत गटाने लक्ष्य केले. दस्त्याचे नेते विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (जन्म माथेरान, १ डिसेंबर १९१२) नाभिक कुटुंबातले, वकील झालेले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी सांभाळले. सावकारीने पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांत शाळा चालवल्या. त्यांचे हे आधीचे काम भूमिगत लढ्याइतकेच मोलाचे आहे. गावोगावच्या माणसांनी दस्त्याला आसरा दिला तो या विश्वासावर. फितुरीनंतर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडावर अभिवादनासाठी जातात.

भिवपुरीत वीज करून सुटलेले पाणी राजनाल्यातून शेतीला मिळते, त्यामुळे खरिपाच्या भाताबरोबर उन्हाळी भातही पिकतो. येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे असून कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ या भातजाती आणि सह्याद्री हे संकरित वाण येथून निघाले.

आगरी, कुणबी, मराठा या समाजांबरोबर ठाकूर आणि कातकरी आदिवासींच्या वाड्या डोंगरउतारांवर आहेत. ल. ना. चापेकरांनी ठाकूर समाजाचा इंग्रजीत सविस्तर अभ्यास केला आहे. कातकऱ्यांतील अनेक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर वा कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि मुलांची शाळा तुटते. अलीकडे फार्महाउस, रिसॉर्ट आणि गृहसंकुले यांनी तालुक्यातील जमिनींचे भाव वाढवले; या वाड्यांतल्या लोकांच्या हाती त्यातून फारसे आले नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. कड्यांखालच्या इतर वाड्या पावसाळ्यापूर्वी सुरक्षित जागी हलवणे हे या दोन्ही तालुक्यांतले सर्वांत निकडीचे काम आहे.